‘फौकानिया’ ते ‘मल्टिपर्पज’ : मराठवाड्यातील जुन्या शाळांच्या इमारती

२०२३ सालच्या पावसाळ्याअखेरीस मराठवाड्यातील कितीतरी जुन्या शाळांची कपाटे बऱ्याच वर्षांनी उघडली गेली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम त्या सप्टेंबरात सुरू झाले होते. निजाम राजवटीतील कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध घ्यावयाचा होता आणि तपासावयाच्या दस्तऐवजांत महसुली कागदांच्या जोडीने शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही होत्या. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पहिल्या टप्प्यात सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून झाल्यावर साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी हाती लागल्याचे शासनाने सांगितले. या आकड्यांचे अर्थ ज्याचे त्याने आपापल्या परीने लावले. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. विषय आहे तो त्या कपाटांचा, आणि ती कपाटे ज्या भिंतींच्या आड इतकी वर्षे उभी होती, त्या इमारतींचा.

नोंदवही सापडते तेव्हा ती एखाद्या दालनात सापडते, त्या दालनाला छप्पर असते आणि ते छप्पर मधल्या सत्तर-ऐंशी पावसाळ्यांत फारसे गळलेले नसते, ही साधी गोष्ट त्या धामधुमीत कोणाच्या ध्यानी आली नाही. जेथे छप्पर गळले, तेथे वहीही गेली. मराठवाड्यातील ‘निजामकालीन शाळा’ हा शब्दप्रयोग आपण आता केवळ एकाच संदर्भात ऐकतो. पावसाळ्यापूर्वी ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी लागते, पालक तक्रार करतात, लोकप्रतिनिधी निवेदन देतात, पुनर्बांधणीसाठी निधीची मागणी होते. विद्यार्थ्यांच्या जिवाचा प्रश्न असल्याने ही मागणी रास्तच आहे. परंतु पाडावयाची ती वास्तू नेमकी काय होती, हे पाडण्यापूर्वी कोणी तरी नीट वाचावयास हवे.

हैदराबाद संस्थानात शाळांच्या तीन पायऱ्या होत्या. प्राथमिक ती ‘तहतानिया’, माध्यमिक ती ‘वस्तानिया’ आणि हायस्कूल म्हणजे ‘फौकानिया’. अरबीतून उर्दूत आलेल्या या शब्दांचे अर्थ अनुक्रमे खालची, मधली आणि वरची असे होतात. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद या तत्कालीन पाच मराठी जिल्ह्यांत जुन्या पिढीची माणसे ‘मी फौकानियात होतो’ असे सांगत. त्यात आपण हायस्कुलापर्यंत पोहोचलो याचा सार्थ अभिमान असे. कारण तेथवर पोहोचणे सोपे नव्हते. खालच्या वर्गांत मातृभाषेला थोडीबहुत जागा असली, तरी वर जाताना उर्दूशिवाय गत्यंतर नसे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे भारतातील पहिले विद्यापीठ होय, आणि त्याचे श्रेय निजामाला दिलेच पाहिजे. मात्र ती देशी भाषा संस्थानातील बहुसंख्य प्रजेची नव्हती. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांना गणित आणि इतिहास परक्या लिपीतून शिकावे लागे. शाळेला सुट्टी शुक्रवारी असे.

या सरकारी शाळांच्या इमारती कशा होत्या? ज्या टिकल्या आहेत त्यांच्यावरून साधारण चित्र उभे राहते. उंच जोते, काळ्या पाषाणाच्या रुंद भिंती, चुन्याचा गिलावा, पुढे कमानींचा लांबच लांब व्हरांडा, डोक्यावर बरीच उंच छते, भिंतींत वरच्या अंगाला वारा खेळावा म्हणून ठेवलेले झरोके आणि पायाखाली शहाबादी फरशी. शहाबाद हे गुलबर्गा जिल्ह्यातले, म्हणजे संस्थानातलेच. फरशी संस्थानातली, दगड गावाजवळच्या खाणीतला, चुना भाजणारे आणि घाणीत मळणारे लोक आसपासचेच. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो तेव्हा या दालनांत पंख्याशिवाय बसता येते. नंतर बांधलेल्या पत्र्याच्या वर्गखोल्यांत दुपारच्या सत्रात मुलांचे काय होते, हे ज्या शिक्षकांनी दोन्ही ठिकाणी शिकविले आहे त्यांना विचारावे.

नांदेडच्या वजिराबाद भागातील जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला गावात सगळे ‘मल्टिपर्पज’ म्हणतात. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगण्याची गरज पडत नाही. हा इंग्रजी शब्द येथे आला कोठून, असा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही. त्याचे उत्तर देशाच्या शैक्षणिक इतिहासात आहे. १९५२-५३ मध्ये डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने अशी शिफारस केली, की सर्वच मुलांना पुस्तकी साच्यातून कारकुनीकडे ढकलू नये. काही निवडक शाळांत तंत्र, शेती, वाणिज्य, गृहविज्ञान, ललितकला असे वेगवेगळे प्रवाह ठेवावेत. अशा शाळा त्या ‘मल्टिपर्पज’, म्हणजे बहुउद्देशीय. त्यासाठी कार्यशाळा लागत, प्रयोगशाळा लागत, मोकळी जागा लागे. ती जुन्या सरकारी हायस्कुलांच्या ऐसपैस आवारांत उपलब्ध होती. पुढे कोठारी आयोग आला, सत्तरच्या दशकात दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला आणि बहुउद्देशीय शाळांची कल्पना मागे पडली. नाव तेवढे राहिले. सुतारकामाचे टेबल नाहीसे झाले, पण त्याची आठवण पाटीवर शाबूत आहे.

त्याच पाटीवरचा ‘जिल्हा परिषद’ हा शब्दही असाच बोलका आहे. पुणे, सातारा किंवा सांगलीकडच्या वाचकाला जिल्हा परिषदेची शाळा म्हटले की चौथी किंवा सातवीपर्यंतची प्राथमिक शाळा आठवते. हायस्कूल म्हणजे कोणत्या तरी शिक्षण संस्थेचे, हे तिकडचे गृहीतक. मराठवाड्यात मात्र जिल्हा परिषदा मोठ्या संख्येने हायस्कुले चालवितात. याचे कारण असे, की ब्रिटिश मुंबई इलाख्यात माध्यमिक शिक्षणाचा भार लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांनी उचलला, तर हैदराबाद संस्थानात तो मुख्यतः सरकारकडेच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो ही सरकारी हायस्कुले बरोबर घेऊन. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि ग्रामीण तसेच तालुक्याच्या गावांतील या शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणजे एका दगडी इमारतीवर निजाम सरकार, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य, महाराष्ट्र शासन आणि जिल्हा परिषद अशा पाच मालकांच्या पाट्या एकामागून एक लागल्या. अनेक ठिकाणी पाटी बदलली, पण तैलरंगाचे थर जुन्यावरच चढत गेले.

येथपर्यंतची हकीकत सरकारी शाळांची. मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासाचा दुसरा अर्धा भाग ज्या शाळांनी घडविला, त्यांना सांगण्यासारखी इमारतच नव्हती.

१९०७ साली गुलबर्ग्याला नूतन विद्यालय आणि हैदराबादेत विवेकवर्धिनी निघाली. १९१५ मध्ये औरंगाबादेत सरस्वती भुवन आणि १९१७ मध्ये अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय. या शाळा मराठी माणसांनी वर्गणीतून काढल्या. कोणाच्या तरी वाड्याचा पुढचा चौक, एखाद्या देवळाची ओवरी, एखादा मठ, भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या, अशा जागी त्या चालत. नंतर १९२४ मध्ये निजाम सरकारने खासगी शाळांविषयी नियम केले. सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय शाळा काढता येईना, आणि चालू शाळांवर तपासणीची टांगती तलवार आली. अशा परिस्थितीत पक्की इमारत बांधणार कोण? परवानगी उद्या काढून घेतली तर भिंतींचे काय करावयाचे? खासगी मराठी शाळांच्या वास्तू साध्या राहिल्या त्यामागे पैशाची टंचाई तर होतीच. पण ही अनिश्चितताही होती, असे वाटते.

हिप्परग्याची शाळा यांतली सर्वांत विलक्षण. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात हे गाव आहे. असहकाराच्या लाटेत १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी तेथे राष्ट्रीय शाळा काढली. आडवाटेचे खेडे, रेल्वे दूर, नळदुर्ग-उमरग्याकडचा तो माळ. अशा ठिकाणी १९२९ मध्ये व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक मुख्याध्यापक म्हणून आले. सोलापूर, अमळनेर आणि पुण्याचे टिळक महाविद्यालय असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला होता आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे त्यांनी काही काळ काम केले होते. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते हिप्परगा सोडून अंबाजोगाईच्या योगेश्वरीत मुख्याध्यापक म्हणून गेले, आणि १९३८ मध्ये शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणणारी मुले बाहेर काढली गेली. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व एका मुख्याध्यापकाकडे गेले, ही गोष्ट आपण दर १७ सप्टेंबरला भाषणांत ऐकतो. मात्र ज्या खोल्यांत हा मुख्याध्यापक नऊ वर्षे फळ्यासमोर उभा होता, त्या पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करणारा प्रवासी विरळा. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली त्यांचे नाव दिले गेले. त्या विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी किती जणांनी हिप्परगा पाहिले असेल, हा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. उत्तर अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही.

पोलीस कारवाईनंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ नंतर, चित्र फार झपाट्याने पालटले. सरकारी शाळांतील वरच्या वर्गांची भाषा बदलली. उर्दूतून शिकविणाऱ्या शिक्षकांपैकी काहींनी मराठी लिहावयास नव्याने शिकून घेतली, तर कालपर्यंत उर्दूतून उत्तरे लिहिणाऱ्या मुलांनी एकाएकी देवनागरीतून प्रश्नपत्रिका सोडविल्या. इमारती त्याच होत्या. खासगी शाळांना मात्र आता मोकळा श्वास मिळाला, आणि त्यांनी बांधकामे काढली. उदगीरला श्यामलाल स्मारक विद्यालय उभे राहिले. आर्य समाजाचे कार्यकर्ते भाई श्यामलाल १९३८ साली बीदरच्या तुरुंगात मरण पावले होते, त्यांच्या स्मरणार्थ. नांदेडला १९५० मध्ये स्वामीजींच्याच पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. त्याच गावातील प्रतिभा निकेतन विद्यालयात काही वर्षे नरहर कुरुंदकर नावाचे शिक्षक होते. कुरुंदकर पुढे पीपल्स कॉलेजात आले आणि त्याचे प्राचार्य झाले, हे सर्वज्ञात आहे. पण त्यांच्या व्याख्यानांतली ती विषय उलगडून सांगण्याची हातोटी हायस्कुलाच्या वर्गात घासून तयार झाली असावी, असे त्यांना ऐकलेल्या कोणालाही वाटेल.

लातूरची गोष्ट थोडी निराळी. लातूर हे पेठेचे गाव. १९१७ साली आखलेली गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणारे रस्ते ही त्याची ओळख. जिल्ह्याचे ठिकाण ते झाले १९८२ मध्ये. तोवर ते उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होते. त्यामुळे जिल्ह्याच्या गावी निजामाने बांधली तशी सरकारी वास्तूंची रांग येथे जुन्या काळापासून नव्हती. दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. त्यानंतर ‘लातूर पॅटर्न’ने गावाचे नाव महाराष्ट्रभर केले. आज लातुरात शिक्षणाची इमारत म्हणून डोळ्यांत भरते ती खासगी शिकवणीची बहुमजली इमारत, तिच्यावरचे गुणवंतांच्या छायाचित्रांचे भव्य फलक. शिक्षणासाठी इतक्या दुरून मुले येतात अशा गावात जुन्या शाळांविषयीचे कुतूहल इतके अल्प असावे, याचे नवल वाटते.

आता पुन्हा त्या नोंदवहीकडे वळू. कारण इमारत राखण्याचे सर्वांत व्यवहारी कारण तीच आहे. जातीचे प्रमाणपत्र आणि जातवैधता यांसाठी कायद्याने काही तारखा ठरविल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा असेल तर तो वजनदार ठरतो. भूमिहीन कुटुंबाकडे सातबारा नसतो, खरेदीखत नसते. आजोबा दोन वर्षे का होईना तहतानियात गेले असतील, तर त्या वहीतली एक ओळ हाच त्या घराचा सरकारदरबारी असलेला सर्वांत जुना पुरावा असू शकतो. मराठवाड्यात १९५० च्या आधीचा कागद म्हणजे बहुशः निजामाच्या अमदानीतला, उर्दूतला.

तो वाचताना काय चुका होतात, हे सांगितले पाहिजे. पहिली चूक सनाची. निजामाच्या कारभारात फसली सन चाले आणि त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास ‘आजूर’ महिन्यापासून सुरू होई. फसली सनात ५९० मिळविले की ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतचे इसवी वर्ष मिळते. त्यापुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. फसली १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. उर्दू लिपी दिसली म्हणून कोणी तो आकडा हिजरी समजला, तर हिजरी १३४० म्हणजे १९२१-२२. आजोबा एका फटक्यात नऊ वर्षांनी मोठे होतात आणि बाकीच्या कागदांशी मेळ बसेनासा होतो. दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी ही महिन्यांची नावेही फारसी आहेत, अरबी नव्हेत. ती दिसली की सन फसली आहे हे ओळखावे. (जूनमध्ये शाळा भरू लागल्यानंतरच्या नोंदींत निराळीच गंमत आहे. अर्धा मराठवाडा १ जूनला जन्मला आहे, कारण गुरुजींनी तसे ठरविले.) दुसरी चूक नावांची. ‘वल्दियत’ म्हणजे बापाचे नाव आणि ‘कौम’ म्हणजे जात किंवा समाज. पण लिहिणाऱ्या मुन्शीने मराठी आडनावे कानाला ऐकू आली तशी उर्दूत उतरविली. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. एकच शब्द दोन-तीन प्रकारे वाचता येतो. म्हणून केवळ भाषांतरावर न विसंबता मूळ पानाचे छायाचित्र जवळ ठेवावे.

तिसरी अडचण जिल्ह्याची. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते. उलट नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसाचा भाग तिकडे आंध्रात गेला. शाळा जागेवरच राहिली. तिच्याविषयीचा पत्रव्यवहार मात्र जुन्या जिल्ह्याच्या किंवा हैदराबादच्या दप्तरात राहिला असू शकतो. हैदराबादेत तारनाक्याला जे राज्य अभिलेखागार आहे, तेथे संस्थानी कागदांचा मोठा साठा आहे. ज्यांना आपल्या शाळेच्या मंजुरीचा कागद शोधावयाचा आहे, त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नकार मिळाला म्हणून थांबू नये.

इमारतीच्या प्रकृतीविषयी आता थोडे तांत्रिक. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सात हजार नऊशेंहून अधिक माणसे गेली. शाळा त्या वेळी रिकाम्या होत्या. त्या दिवसापासून या भागात ‘दगडी’ या शब्दाची धास्ती बसली, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु त्या रात्री पडले ते काय, हे बारकाईने पाहिले पाहिजे. पडली ती प्रामुख्याने माळवदाची घरे. त्यांच्या भिंती दुहेरी थराच्या : बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नव्हते किंवा फार कमी होते. दगड बसविले होते मातीत. वर लाकडी तुळया आणि तुळयांवर उन्हापासून बचाव म्हणून वर्षानुवर्षे चढविलेला मातीचा जाड थर. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि सारे ओझे खाली आले. चुन्यात बांधलेली, आरपार दगड घातलेली, कोपरे नीट सांधलेली भिंत ही निराळी गोष्ट आहे. ती भूकंपाला अभेद्य असते असे मुळीच नाही. पण ‘दगडी आहे, जुनी आहे, म्हणजे पडणारच’ हा निष्कर्ष अभियंत्याचा नसून भीतीचा आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात जुन्या बांधकामांना लिंटेलच्या पातळीवर पट्टा घालून, आरपार सांधे देऊन मजबूत करण्याच्या पद्धती लोकांना शिकविल्या गेल्या होत्या. ते ज्ञान याच मातीतले आहे.

जुन्या शाळांची खरी हानी भूकंपापेक्षा दुरुस्तीने अधिक केली, असे माझे मत आहे. चुन्याची भिंत श्वास घेते, असे गवंडी म्हणतात. म्हणजे जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओलीची वाट बंद होते. मग ती आतल्या चुन्याला खाऊ लागते, पोपडे सुटतात, लोणा धरतो, दगडाचे पापुद्रे निघतात आणि दहा-बारा वर्षांत ‘इमारत जीर्ण झाली’ असा अहवाल येतो. गच्चीवर झाडाची मुळे गेली असतील आणि पन्हळी तुंबल्या असतील, तर हे काम आणखी लवकर होते. पन्हळ साफ करण्याचा खर्च किरकोळ असतो. परंतु त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष नसते. नवीन वर्गखोलीसाठी असते.

यानंतरची पायरी म्हणजे ‘निर्लेखन’. जिल्हा परिषदेच्या दप्तरातला हा शब्द शहरी वाचकाला अपरिचित असेल. वापरण्यास अयोग्य ठरलेली वर्गखोली मत्तेच्या नोंदीतून कमी करणे म्हणजे निर्लेखन. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती प्रस्ताव देतात, बांधकाम विभागाचा अभियंता पाहणी करून दाखला देतो, मंजुरी येते आणि पडझडीतून निघणाऱ्या साहित्याची किंमत ठरवून लिलाव होतो. सागवानी तुळया, दारे-चौकटी, घडीव दगड, शहाबादी फरशी, साऱ्यांची किंमत होते. या साऱ्या प्रक्रियेत वास्तूचे मोजमाप घेऊन नकाशा काढा, छायाचित्रे ठेवा, दर्शनी शिलालेख जपून काढा, आतल्या नोंदवह्या कोठे हलविल्या ते लिहा, असे विचारणारा एकही रकाना सक्तीचा नाही. प्राचीन वास्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे; १९३०-४० च्या दशकांतली शाळा तीत अद्याप बसत नाही. किल्ले, लेणी, मंदिरे आणि दर्गे यांना संरक्षणाची यादी असते हे आपल्याला माहीत असते. शाळेकडे त्या नजरेने पाहण्याची सवय आपल्याला नाही.

पुण्याच्या भिडेवाड्याचे उदाहरण ताजे आहे. १८४८ साली तात्यासाहेब भिडे यांच्या बुधवार पेठेतील वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या वाड्याचे राष्ट्रीय स्मारक करावे ही मागणी कित्येक दशके होत होती. दरम्यान तळमजल्यावर दुकाने होती, भाडेकरूंचे हक्क होते, खटले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागा रिकामी करण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु तोवर वाडा इतका मोडकळीस आला होता, की डिसेंबरात एका रात्री तो पाडूनच स्मारकाचा मार्ग मोकळा करावा लागला. स्मारक उभे राहील, आणि ते राहावेही. सावित्रीबाईंनी ज्या पायऱ्या चढल्या, त्या मात्र आता तेथे नाहीत. आणि हे कोठे झाले, तर साऱ्या देशाचे लक्ष असलेल्या, अभ्यासकांची आणि कार्यकर्त्यांची वाण नसलेल्या पुण्यात. देगलूर, कंधार किंवा औशाच्या शाळेसाठी खटला लढण्याइतके कोणाला भान असेल?

नांदेडने बदलाचा वेग एकदा अनुभवला आहे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरात रस्ते रुंद झाले, पूल झाले, जुन्या भागांचे रूप पालटले. त्यात गैर काही नव्हते. लाखो यात्रेकरूंची सोय झाली. पण त्याआधीच्या वस्त्या आणि वाडे कसे होते, हे आज कोणाला पाहावयाचे असेल तर घरगुती छायाचित्रांखेरीज फारसे हाती लागत नाही. शाळांच्या बाबतीत निदान एवढे तरी घडावयास अडचण नाही, की निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत मोजणीचा नकाशा आणि पंचवीस-तीस छायाचित्रे जोडली जावीत, आणि १९६७ पूर्वीच्या सर्व नोंदवह्या पान न् पान स्कॅन होऊन एक प्रत जिल्हा अभिलेख कक्षात जावी. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राची महाविद्यालये नांदेड-लातूर भागात आहेत; त्यांच्या विद्यार्थ्यांना मोजणीचा सराव हवाच असतो. उर्दू वाचणारे निवृत्त शिक्षक अजूनही गावोगावी आहेत. मात्र फसली महिने तोंडपाठ असणाऱ्यांची संख्या दरवर्षी घटते आहे.

ज्यांची शाळा अजून उभी आहे, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मुख्य दारावरची चौकट जवळून पाहावी. तैलरंगाचे चार-सहा थर असतील. हलक्या हाताने, पाणी आणि बांबूच्या पातळ काडीने ते सोलले, लोखंडी तारेचा ब्रश न लावता, तर खालच्या दगडावर कोरलेले आकडे उमटण्याची शक्यता असते. ते १३ ने सुरू होत असतील, तर त्यांत ५९० मिळवून पाहावे.